अक्कलदाढ काढल्यावर वेदनेची गोळी केव्हा घ्यायची? पहिल्या पाच दिवसांचं वेळापत्रक

तोंडात कापसाचा बोळा, अर्धा ओठ बधिर आणि हातात चिठ्ठी. अक्कलदाढ काढून आलेला माणूस मेडिकलवर असाच येतो. गोळ्या घेतो, पिशवीत टाकतो आणि बोळा सांभाळत विचारतो, "आता तर काहीच दुखंना. दुखायला लागल्यावर घेतली तर चालंल ना?"

तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर मेडिकल चालवताना हा प्रश्न कायम येतो, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. अक्कलदाढेच्या बाबतीत गोळी कोणती याइतकंच ती केव्हा घेतली हेही महत्त्वाचं असतं. चांगली गोळी असूनही रात्रभर गाल धरून बसलेले बहुतेक लोक वेळेत चुकलेले असतात. मग सकाळी येऊन 'याच्यापेक्षा स्ट्राँग द्या' म्हणतात.

खाली लिहिलंय ते धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी वेगळं काही लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो इथे शोधू नका.

पहिली गोळी: भूल उतरायच्या आधी

दाढ काढताना हिरडीत दिलेलं इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचं असतं, त्यात थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं. खालच्या जबड्याची नस बधिर केली की ओठ, हनुवटीची एक बाजू आणि अर्धी जीभ साधारण तीन ते पाच तास बधिर राहते. वरच्या दाढेची भूल त्याआधीच उतरते. पण हा बधिरपणा गालाचा आणि ओठाचा असतो. आतल्या हाडाची भूल त्याच्याही आधी ओसरायला लागते. म्हणून 'ओठ जड आहे तोवर काळजी नाही' हा हिशोब फसतो.

दाढ काढली की त्या जागी पेशींना इजा झालेली असते. शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करायला लागतं. ती सूज आणतात आणि आजूबाजूच्या नसा हळव्या करतात. इतक्या हळव्या, की थुंकी गिळली तरी कळ कानापर्यंत जाते. आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक या सगळ्या गोळ्या एका घराण्यातल्या. त्या नवीन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. आधीच तयार झालेलं मात्र पुसून टाकत नाहीत. पाणी शेतात शिरल्यावर बांध घालायला धावावं, तशी गत उशिरा घेतलेल्या गोळीची होते. त्यात कुठलीही गोळी पोटात जाऊन कामाला लागायला अर्धा ते एक तास घेते. तो तास भूल असताना निघून गेला तर तुम्हाला कळतही नाही. भूल उतरल्यावर काढायचा झाला तर फार लांबतो.

म्हणून पहिली गोळी दाढ काढल्यापासून एक ते दोन तासांच्या आत घ्यायची. त्याचा क्रम असा: दवाखान्यातून निघताना दिलेला बोळा पाऊण तास ते तासभर घट्ट चावून धरायचा, मध्ये सारखा काढून बघायचा नाही. मग तो अलगद काढून टाकायचा. थोडं थंड आणि मऊ काहीतरी पोटात घालायचं, चमच्याने. आणि लगेच गोळी. कोमट किंवा थंड पाण्याबरोबर, न बधिरलेल्या बाजूने, मान मागे न झटकता. दुखत नसलं तरी.

काही डॉक्टर दाढ काढायच्या आधी तासभर गोळी देतात. त्यांनी सांगितलं तर जरूर घ्या, पण स्वतःच्या मनाने आधी खाऊन जाऊ नका. दवाखान्यात तीच गोळी पुन्हा दिली जाण्याची शक्यता असते.

एसटीचा हिशोब आधी करा

मोठ्या शहरातल्या माणसाला हा भाग लागत नाही, आपल्याला लागतो. अवघड, आडवी उगवलेली अक्कलदाढ काढायला लोक छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जातात, नाहीतर लातूर-नांदेडला सर्जनकडे. दाढ निघते अकराला, चिठ्ठी मिळते साडेअकराला, आणि मग माणूस बीडकडे किंवा किनवटकडे जाणारी गाडी पकडायला पळतो. 'गोळ्या गावात घेऊ' म्हणतो. गाडी दोन-तीन तासांनी पोचते तेव्हा भूल उतरलेली असते आणि गावातलं मेडिकल दुपारच्या वामकुक्षीसाठी बंद.

गोळ्या शहरातच घ्या. पहिली गोळी गाडीत बसायच्या आधी किंवा गाडीत घ्या. सोबत पाण्याची बाटली आणि पोटात घालायला काहीतरी ठेवा. एखादं केळं कुस्करून चालतं, दही चालतं. जास्तीचा स्वच्छ बोळा मागून घ्या. आणि गाडीत बधिर ओठ चघळायचा मोह आवरा. रस्त्याचे धक्के आणि बधिर ओठ एकत्र आले की दात ओठात घुसतो आणि कळतही नाही. संध्याकाळी दाढेपेक्षा ओठच जास्त दुखतो.

एक गोष्ट माझ्या अनुभवाने सांगतो: शक्य असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. साडेनऊ-दहाला काम झालं तर पहिली गोळी अकराच्या आसपास पडते. मग दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर दुसरी बरोबर झोपायच्या वेळी, रात्री अकराला येते. दुपारी चारला दाढ काढली तर भूल रात्री आठ-नऊला उतरते, आणि अडचण आली तर डॉक्टर, मेडिकल, गाडी यातलं काहीच हाताशी नसतं.

चिठ्ठीवरचे आकडे

'१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. '१-१-१' म्हणजे तीन वेळा. यालाच कुणी बीडी आणि टीडीएस लिहितं. एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

घोळ होतो तो १-१-१ मध्ये. लोक या गोळ्या जेवणाला बांधतात. सकाळी नऊला चहा-नाष्ट्यावर, दुपारी दोनला, रात्री आठला. दिवसा पाच-सहा तासांचं अंतर आणि रात्री तेरा तासांची मोकळीक. पहाटे तीनला कळ येते ती याच फटीतून. तीन वेळा म्हणजे साधारण दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. अँटिबायोटिक दिलं असेल तर तेही याच अंतराने. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक आहे, त्याने दुखणं थांबत नाही. 'ती लाल कॅप्सूल घेतली, तरी दुखतंय' म्हणणाऱ्याने वेदनेची गोळी घेतलेलीच नसते.

आणि एसओएस? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दोन दिवसांत मुख्य गोळी एसओएस लिहिली असेल तर डॉक्टरांना विचारा, 'पहिले दोन दिवस घड्याळाप्रमाणे घेऊ का?' बहुतेक हो म्हणतील. अक्कलदाढेचं दुखणं भूल उतरल्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत सर्वांत जास्त असतं हे त्यांना ठाऊक असतं. अमुक वेळी जोर येणार हे आधीच माहीत असलेल्या दुखण्यासाठी वाट बघत बसण्यात शहाणपणा नाही.

पाकिटाच्या मागे बघा

गोळीचं नाव पुढे मोठ्या अक्षरात असतं, आणि खरी माहिती मागे बारीक अक्षरात. ती वाचायची सवय लावा. वाचता येत नसेल तर काउंटरवर विचारा, तो आमचा कामाचाच भाग आहे.

झीरोडॉल-पी म्हणजे असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. डोलो-६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅम. केटोरॉल-डीटी म्हणजे केटोरोलॅक १० मिलिग्रॅम. आता बघा काय होतं. चिठ्ठीवर झीरोडॉल-पी आहे. दुपारी पुरेना म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम घेतली. संध्याकाळी अंग गरम वाटलं म्हणून डोलो. रात्री गावातल्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी कमरेवर डायक्लोफेनॅकची सुई दिली. रुग्णाच्या लेखी चार वेगळी औषधं झाली. पोटाच्या आणि किडनीच्या लेखी एकाच घराण्यातली तीन औषधं एका दिवसात गेली, वर पॅरासिटामॉल तीनदा.

नियम दोनच आहेत. आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक यांपैकी एका वेळी एकच. दुसरी सुरू करायची तर पहिली बंद करून, डॉक्टरांना विचारून. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, ॲसिडिटी, अल्सर आणि रक्तस्राव यांचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी. ते या घराण्यातलं नाही, त्यामुळे वरच्यांपैकी कुठल्याही एकाबरोबर चालतं. चालतं एवढंच नव्हे, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून दाढेच्या दुखण्यावर एकेकट्यापेक्षा चांगलं काम करतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यासाठी पहिली निवड याच साध्या औषधांची आहे, अफूच्या जातीच्या गोळ्यांची नाही.

पण पॅरासिटामॉलची बेरीज करत राहायची. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. मी गिऱ्हाइकाला ३००० च्या आत राहायला सांगतो. रोज दारू पिणारा, यकृताचा आजार असलेला, किंवा पन्नास किलोच्या खालचा किडकिडीत माणूस असेल तर याहून कमी, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. दोन डोसांत किमान चार तास, खरं तर सहा. आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ४०० च्या तीन गोळ्या. असेक्लोफेनॅक दिवसाला २००, म्हणजे १०० च्या दोन. केटोरोलॅक जोरदार आहे, म्हणूनच त्याला मुदत आहे: दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नाही आणि पाच दिवसांपलीकडे नाही. डीटी गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून प्यायची असते.

'एसपी' लिहिलेल्या गोळ्यांत सेरॅशिओपेप्टिडेज असतं, सूज उतरावी म्हणून. आपल्याकडे ती सर्रास लिहितात. जपानमध्ये टाकेडा कंपनीने हे औषध परिणाम सिद्ध होईना म्हणून २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं. चिठ्ठीवर असेल तर घ्या, पण ती महागडी गोळी परवडत नाही म्हणून रडत बसू नका. वेदनेची साधी गोळी वेळेवर घेणं जास्त कामाचं. तीच औषधं जनऔषधी दुकानात दुसऱ्या नावाने स्वस्त मिळतात. मागचं बारीक अक्षर जुळलं की झालं.

नमुन्याचा दिवस

धरून चालू, दाढ सकाळी दहाला निघाली आणि चिठ्ठीवर असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल १-०-१ आहे. पहिली गोळी अकराला, दुसरी रात्री अकराला. असेक्लोफेनॅक बारा तासांसाठी दिलेलं असलं तरी पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास ते कमी पडू शकतं, कारण त्यातलं पॅरासिटामॉल तोवर उतरलेलं असतं. इथे मधली पॅरासिटामॉल ६५० ची गोळी कामाला येते. संध्याकाळी पाचला एक, आणि पहाटे पाचला जाग आलीच तर एक. बेरीज करा: ३२५ च्या दोन म्हणजे ६५०, आणि ६५० च्या दोन म्हणजे १३००. एकूण १९५०. मर्यादेच्या बऱ्याच आत. तरी ही मधली गोळी घ्यायची का, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल तीन वेळा असेल तर पहिल्या दिवशी अकरा, पाच आणि रात्री अकरा असं बसवता येतं. आयबुप्रोफेनचा जोर साधारण सहा तास टिकतो. मग सकाळी सहाला तिसऱ्या गोळीचा जोर संपलेला असतो, पण चोवीस तासांतल्या तीन गोळ्या झालेल्या असतात. अशा वेळी सकाळी सहाला नुसतं पॅरासिटामॉल घ्यायचं, आणि पुढची मुख्य गोळी अकराला. ज्यांना वारंवार गोळ्या नको वाटतात त्यांनी आठ-आठ तासांनी घ्यावी.

पहिल्या रात्री मोबाइलला गजर लावा. घरात कुणी म्हणेल, झोपलंय तर झोपू द्या. गाढ झोप लागली असेल तर हरकत नाही, पण गोळीची वेळ झोपायच्या अगोदर अर्धा तास येईल अशी बेतली तर उठवायची वेळच येत नाही. डोक्याखाली दोन उशा घ्या. आडवं सपाट झोपलं की गालात रक्त उतरून ठणका वाढतो.

वेळा कागदावर लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं तरी चालतं: वेळ आणि गोळीचं नाव. चार माणसांच्या घरात 'मी दिली', 'नाही, आईने दिली' असं होऊन एकच गोळी दोनदा जाते.

एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या आणि पुढची तिथून मोजा. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. उलटी झाली आणि गोळी अख्खी पडलेली दिसली तर डॉक्टरांना फोन करून विचारा.

पोट रिकामं नको, पण भाकरीही नको

वेदनेची गोळी रिकाम्या पोटी घेतली की जळजळ ठरलेली. आणि पहिल्या दिवशी चावता तर येत नाही. आपल्या घरात यावर पुष्कळ उपाय आहेत. गार केलेली ज्वारीची आंबील, ताकात कालवलेला गुरगुट्या भात, पातळ वरण, दही, दुधात पार विरघळलेली भाकरी (दुसऱ्या दिवसापासून, कण राहणार नाहीत अशी). चार-पाच चमचे पोटात गेले तरी गोळी घ्यायला पुरतात. सगळं गार किंवा कोमट. ठेचा, चिवडा, शेंगदाण्याचा कूट घातलेलं काहीही आठवडाभर लांब ठेवा. कूट जखमेत जाऊन बसतो.

चिठ्ठीवर पँटोप्रॅझोल असेल, ज्याला सगळे 'गॅसची गोळी' म्हणतात, तर ती सकाळी नाष्ट्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. वेदनेच्या गोळीबरोबर एकदम टाकून उपयोग कमी होतो.

रसवंतीवर जाऊन उसाचा रस घेणार असाल तर स्ट्रॉ नको, आणि बर्फही नको. स्ट्रॉने ओढलं की तोंडात पोकळी तयार होते आणि जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून येते. तीच गोष्ट जोरात थुंकण्याची. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही. नंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात धरायचं आणि आपोआप बाहेर पडू द्यायचं.

शेकायचं का? पहिल्या दिवशी नाही. आपल्याकडे गाल सुजला की तव्यावर फडकं गरम करून शेकायची घाई होते. पहिल्या चोवीस तासांत बाहेरून थंड लावायचं: कापडात बांधलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढाच वेळ बाजूला. लाईट गेली आणि फ्रीज बंद असेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकंही चालतं. लवंगेचं तेल, तुरटी, बाम यातलं काहीही जखमेत कोंबू नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारे अजूनही भेटतात. तिने हिरडी भाजते, शिवाय रक्त थांबत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा बेचाळीसच्या वर जातो. दाढ दुखते म्हणून माणूस पाणी पीत नाही, त्यात ऊन, आणि त्यात या घराण्यातली गोळी. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा घटवतात. दाढ काढल्यावर दोन-तीन दिवस शेतात, कापसाच्या गाडीवर किंवा बांधकामावर उन्हात जाऊ नका आणि पेल्याने पाणी, ताक पीत राहा. लघवी गडद आणि कमी होत असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

ज्यांनी आधी विचारायचंच

अल्सर झालेला, किडनीचा त्रास असलेला, हृदय कमजोर असलेला, रक्त पातळ करणारं औषध घेणारा, गरोदर स्त्री: यांनी आयबुप्रोफेनच्या घराण्यातली एकही गोळी स्वतःहून घ्यायची नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या आणि लघवी होण्याची गोळी एकत्र चालू असेल तर किडनीवरचा ताण आणखी वाढतो. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन किंवा अशा गोळीने दम लागतो. पूर्वी कधी असं झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात गावात डेंग्यूची साथ असेल आणि ताप भरला तर या गोळ्या थांबवून फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घ्या. या सगळ्यांसाठी सुरुवात बहुधा पॅरासिटामॉलनेच होते.

हृदयासाठी इकोस्प्रिन (म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन) चालू असेल तर दाढेसाठी ती आपल्या मनाने बंद करू नका. त्याच्याबरोबर आयबुप्रोफेन घ्यायचं तर दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण आयबुप्रोफेन आधी गेलं तर इकोस्प्रिनचं हृदयासाठीचं काम अडतं. वॉरफरिन घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल दिलं तर रक्त आणखी पातळ होतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाढ काढायला जाताना पिशवीत न्यायची. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल सहसा चालतं, तरी बाळाला पाजते हे सांगा.

कधीकधी अवघड शस्त्रक्रियेनंतर ट्रॅमाडॉल असलेली गोळी लिहितात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही. तिने गुंगी येते, मळमळतं. ती घेऊन मोटरसायकल चालवायची नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. आणि दारू? वेदनेची गोळी, मेट्रोनिडाझोल, ट्रॅमाडॉल, यातल्या कशाबरोबरही नको.

रमजानचे रोजे किंवा नवरात्राचे कडक उपवास चालू असतील तर घाईची दाढ नसल्यास तारीख पुढे ढकला. ढकलता येत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे बारा तासांनी घ्यायची गोळी लिहून ती सहरी आणि इफ्तारच्या जेवणानंतर बसवता येईल. पण उन्हाळ्यातला रोजा, दिवसभर पाणी नाही आणि ही गोळी, हे मी कुणालाही सुचवणार नाही. आजारपणात सूट असतेच. नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्या बायका गोळी फक्त पाण्याबरोबर घेतात, आणि पाचव्या दिवशी पोट धरून येतात. दही, ताक, साबुदाण्याची पातळ खीर उपवासालाही चालते.

दुसरा, तिसरा दिवस आणि पुढे

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. तोंड पुरतं उघडत नाही. हे पाहून लोक घाबरतात आणि गोळी वाढवतात. दुखणं मात्र पहिल्या दिवसापेक्षा उतरणीला लागलेलं असलं पाहिजे. सूज वाढतेय पण ठणका कमी होतोय, हे दुसऱ्या दिवशी चालतं. दोन्ही तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल तर चालत नाही.

कमी करताना आधी मधलं पॅरासिटामॉल सोडा. मग दिवसाची मुख्य गोळी तिच्या वेळेच्या दोन तास पुढे ढकलून बघा. दुखत नसेल तर ती सोडा. रात्रीची शेवटी सोडायची, कारण झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी सगळंच जड जातं. बहुतेकांना तीन ते पाच दिवस गोळ्या लागतात. साध्या दाढेला दोन दिवसही पुरतात. वेदनेची गोळी लवकर सोडली तरी चालते. अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायचं.

पाचव्या दिवसानंतरही गोळीशिवाय निभत नसेल तर नवी स्ट्रिप मागायला येऊ नका, दंतवैद्याकडे जा. एक खास प्रकार ओळखून ठेवा: दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक खोल, ठसठसणारी कळ सुरू झाली, कानाकडे-कानशिलाकडे जाणारी, तोंडाला घाण वास आणि चव, आणि आरशात बघितलं तर खळगी रिकामी. रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. इथे गोळी बदलून, वाढवून काही होत नाही. दंतवैद्य ती जागा धुऊन औषधाची पट्टी भरतो आणि बहुतेकांना त्याच दिवशी मोकळं वाटतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्री यांचंही तेच. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे म्हणून तो तोंडात नसतो असं नाही. कमीत कमी आठवडाभर तरी यातलं काही नको. मिश्री लावणाऱ्या मावशींना 'तंबाखू खाता का' असं विचारलं तर त्या नाही म्हणतात, म्हणून घरातल्यांनी मिश्रीचं नाव घेऊन सांगायचं.

पहिल्या दिवशी थुंकीत गुलाबी रंग असणं साहजिक आहे. तोंडात ताजं लाल रक्त भरत असेल तर स्वच्छ बोळा किंवा धुतलेलं सुती कापड ओलं करून, घडी करून खळगीवर ठेवा आणि अर्धा तास न उघडता चावून धरा. तरी थांबेना तर दवाखाना. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल तर डॉक्टरांना कळवा. दोन दिवसांनंतर ताप, पू, वाढती सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. गिळता येत नाही, जिभेखाली किंवा गळ्यावर सूज उतरलीय, श्वास जड होतोय, काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन.

फोनवर किंवा गावातल्या डॉक्टरकडे सुई घ्यायच्या आधी चार गोष्टी सांगा: दाढ कोणत्या दिवशी आणि किती वाजता काढली, कोणत्या गोळ्या घेतल्या, शेवटची किती वाजता घेतली, आणि आधीपासून कोणते आजार-औषधं आहेत. कॅलेंडरवर वेळा लिहिलेल्या असतील तर त्याचा फोटो दाखवला तरी काम होतं.